एका बालज्वराचा इतिहास

बऱ्हाणपूरहून खानदेशात उतरणाऱ्या वाटेवर सातपुड्याच्या एका टेकडीवर इच्छादेवीचे स्थान आहे. पायथ्याच्या इच्छापूर गावाने नावही तिचेच धारण केले आहे. एका मराठा सुभेदाराने अपत्यासाठी नवस बोलला आणि तो फळास आल्यावर देवीचे मंदिर उभारले, अशी आख्यायिका सांगतात. मूल व्हावे आणि झालेले जगावे, हे मागणे घेऊन भाविक आजही ही टेकडी चढतात.

‘झालेले जगावे’ या दोन शब्दांमागे केवढे भय होते, याची कल्पना आजच्या पिढीस येणे कठीण आहे. अंगावर पुरळ उठविणारा ताप आला की आपल्या घरांतून मुख्यतः तीन नावे निघत : देवी, गोवर आणि कांजिण्या. त्यांपैकी पहिल्या रोगाचा धाक असा की त्याला देवतेचेच नाव मिळाले. लसीच्या प्रसारामुळे १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी आढळला नाही आणि १९८० साली जगातून तो रोग गेल्याचे घोषित झाले. परंतु या तीन नावांच्या आड आणखी एक ज्वर दडून राहणे सहज शक्य होते.

त्याला वेगळे ओळखण्याचे श्रेय जपानचे बालवैद्य डॉ. तोमिसाकु कावासाकी यांचे. जानेवारी १९६१ मध्ये टोकियोच्या रेडक्रॉस रुग्णालयात त्यांनी चार वर्षांचा एक मुलगा पाहिला. न उतरणारा ताप, लाल डोळे, फुटलेले ओठ, तांबडी जीभ, अंगावर पुरळ, सुजलेले हातपाय, मानेत गाठ. ही लक्षणे कोणत्याही ज्ञात रोगात बसेनात. त्यांनी धीराने नोंदी जमविल्या आणि १९६७ साली पन्नास मुलांची हकिकत प्रसिद्ध केली. ताप आपोआप ओसरतो, हीच या रोगाची फसवणूक होय. खरा विकार रक्तवाहिन्यांच्या दाहाचा. उपचार न झाल्यास सुमारे चारांतील एका मुलाच्या हृदयास रक्त पुरविणाऱ्या धमन्यांना फुगवटे येतात. भारतातून या रोगाची नोंद १९७७ साली झाली.

पुढे १९८४ मध्ये जपानात आणि १९८६ मध्ये अमेरिकेत सिद्ध झाले की, रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे शिरेतून दिल्यास हा धोका पुष्कळच घटतो. मात्र ती तापाच्या पहिल्या दहा दिवसांत द्यावी लागतात. म्हणून सारा प्रश्न वेळेवर ओळखण्याचा ठरला.

येथे जनुकशास्त्र साहाय्यास आले. शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीत जनुकांची संपूर्ण पोथी असते. परंतु कोणत्या वेळी तिची कोणती पाने वाचली जातात, हे प्रसंगावर अवलंबून असते. या वाचनासच जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात. वाचलेल्या पानांच्या नकला रक्तात मोजता येतात. २००८ साली जपानी संशोधकांना एका जनुकातील असा भेद सापडला की, ज्यामुळे रोगप्रतिकारक पेशींवरील लगाम सैल पडतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात केवळ तेरा जनुकांच्या नकला मोजून कावासाकी रोग इतर तापांहून वेगळा काढता आला.

तरीही ही परीक्षा अद्याप नेहमीच्या रुग्णालयांत आलेली नाही आणि रोगाचे मूळ कारणही निश्चित झालेले नाही. २०२० साली करोनाच्या साथीत मुंबईच्या रुग्णालयांत याच्याशी साम्य असलेला दाह मुलांत दिसला, तेव्हाही निदानाचा आधार मुख्यतः लक्षणे, रक्ततपासणी आणि हृदयाची तपासणी हाच होता. म्हणजे पहिली पारख अजून मुलाच्या उशाशी बसणाऱ्या आईचीच आहे. टेकडीवरचा नवस अवश्य फेडावा. परंतु ताप पाच दिवस हटला नाही आणि डोळे-ओठ लाल दिसले, तर ‘गोवर असेल’ म्हणून स्वस्थ न बसता मूल तत्काळ बालवैद्यांस दाखवावे. दहा दिवसांची ती मुदत पुन्हा मिळत नाही.