गुरू माथ्यावर, दुर्बीण हातात: ग्रहांच्या चित्रफितीची पूर्वतयारी

भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातील दिघोरी हे गाव २१ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. १० जानेवारी २०२६ च्या प्रतियुतीला, म्हणजे पृथ्वीवरून तो सूर्याच्या बरोबर समोर आला तेव्हा, गुरू मिथुन राशीत, सुमारे २२ अंश उत्तर क्रांतीवर (खगोलीय विषुववृत्ताच्या तितका उत्तरेला) होता. या दोन आकड्यांतला फरक जेमतेम एक अंशाचा. म्हणजे त्या रात्री सव्वाबाराच्या सुमारास गुरू दिघोरीच्या जवळजवळ अगदी माथ्यावर आला. ग्रहांची छायाचित्रे घेणाऱ्याला यापेक्षा मोठे दान मिळत नाही. जून २०१९ च्या प्रतियुतीला हाच ग्रह याच गावातून क्षितिजापासून ४७ अंशांवर अडकला होता, लंडनमध्ये तर १६ अंशांवर. शिवाय इकडे मृग नक्षत्र लागून पावसाची वाट पाहणे सुरू झालेले. गुरूची सूर्याभोवतीची फेरी ११.८६ वर्षांची, त्यामुळे उत्तर क्रांतीवरची ही अनुकूल वर्षे एका तपात दोन-तीनदाच येतात.

उंचीला इतके महत्त्व का, हे आधी पाहू. ग्रह क्षितिजाकडे असला की प्रकाशाला हवेचा जाड थर ओलांडावा लागतो आणि हवा लोलकासारखी रंग फाकवते. ४७ अंशांवर निळा आणि लाल प्रकाश एकमेकांपासून सुमारे ०.७ विकला (आर्कसेकंद) दूर सरकतात. आठ इंची, म्हणजे २०० मिलिमीटरच्या दुर्बिणीची भेदनक्षमता ०.५८ विकला. म्हणजे दुर्बीण जो तपशील दाखवू शकते, तो हवाच आधी पुसून टाकते. माथ्यावर हा दोष उरतच नाही. राहते ती हवेची थरथर.

या थरथरीचे गणित डेव्हिड फ्रीड यांनी १९७८ मध्ये मांडले. दुर्बिणीचा व्यास आणि हवेच्या ‘शांत तुकड्याचा’ आकार यांच्या गुणोत्तरावरून एखादी क्षणिक फ्रेम स्वच्छ निघण्याची शक्यता त्यांनी काढून दाखवली. त्या सूत्रात २०० मिलिमीटरची दुर्बीण घालून पाहिली तर शांत तुकडा ५ सेंटिमीटरचा असताना शंभरात सुमारे ४६ फ्रेम चांगल्या निघतात, ४ सेंटिमीटरला ११, आणि ३ सेंटिमीटरला दोनशेत एक. तुकडा दोनच सेंटिमीटरने आक्रसला आणि पीक जवळपास बुडाले. म्हणून ग्रहाचे एक छायाचित्र कोणी घेत नाही; सेकंदाला साठ फ्रेमच्या वेगाने चित्रफीत घेतात, चांगल्या फ्रेम निवडतात आणि एकावर एक रचतात. चारशे फ्रेम रचल्या की यादृच्छिक गोंगाट विसाव्या हिश्श्यावर येतो. यालाच स्टॅकिंग म्हणतात.

या रचनेच्या आधीचा टप्पा हा आपला विषय. त्यासाठी मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे सॉफ्टवेअर म्हणजे ख्रिस गॅरी यांचे ‘प्लॅनेटरी इमेजिंग प्री-प्रोसेसर’, ज्याला सगळे ‘पिप’ म्हणतात. ते विंडोजवर चालते आणि मोफत आहे. मोटार लावलेल्या महागड्या बैठकीवर ज्यांची दुर्बीण आहे, त्यांना हा टप्पा वगळता येतो. दिघोरीसारख्या गावात शाळेने किंवा चार हौशी मुलांनी मिळून घेतलेली दुर्बीण बहुधा हाताने ढकलायची डॉब्सोनियन असते. तिच्यासाठी हे सॉफ्टवेअर मोटारीचे काम करते. माझ्या मते याच दृष्टीने त्याच्याकडे पाहिले पाहिजे, कारण मग त्यातल्या कोणत्या पर्यायावर खूण करावी आणि कोणत्यावर करू नये हे आपोआप ठरते.

एक उदाहरण पूर्ण सोडवू. आठ इंची डॉब्सोनियन, नाभीय अंतर १२०० मिलिमीटर, त्यापुढे ते दुप्पट करणारे बार्लो भिंग, म्हणजे २४०० मिलिमीटर. कॅमेरा १२८० × ९६० पिक्सेलचा, एक पिक्सेल ३.७५ मायक्रोमीटर. मग एका पिक्सेलवर ०.३२ विकला आकाश पडते, आणि ४६.६ विकलांचा गुरू साधारण १४५ पिक्सेल रुंद दिसतो. दुर्बीण हलवायची नाही. गुरूला फ्रेमच्या पूर्व कडेबाहेर धरायचे आणि पृथ्वीच्या फिरण्याने त्याला आपोआप आत येऊन दुसऱ्या कडेने बाहेर जाऊ द्यायचे. २२ अंश क्रांतीवर हा वेग सेकंदाला १३.९ विकला, म्हणजे ४३ पिक्सेल. पूर्ण बिंब फ्रेममध्ये राहते ते २६ सेकंद. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर एका फेरीत सुमारे १,५५० फ्रेम मिळतात.

इथे पहिली शंका येते: ग्रह सरकतो आहे, मग प्रत्येक फ्रेम पुसट नाही का होणार? उघडझाप ८ मिलिसेकंदांची ठेवली तर त्या वेळात गुरू एक तृतीयांश पिक्सेल सरकतो. ते चालते. ३३ मिलिसेकंदांची ठेवली तर सरक दीड पिक्सेलच्या जवळ जाते, आणि ही फरपट नंतर कोणतेही सॉफ्टवेअर काढू शकत नाही. म्हणून बिनमोटारीच्या दुर्बिणीवर चित्र थोडे अंधारे घ्यावे, पण उघडझाप १० मिलिसेकंदांच्या वर नेऊ नये.

दुसरा प्रश्न साठ्याचा. पिक्सेलमागे एका बाइटच्या हिशेबाने ही २६ सेकंदांची फीत १.९ जीबीची होते आणि तिच्यातले बहुतेक पिक्सेल काळे आकाश असतात. ‘पिप’ प्रत्येक फ्रेममध्ये उजेडाचा उंबरठा ठरवून बिंब शोधते, त्याचा गुरुत्वमध्य काढते, तो मधोमध आणते आणि भोवतालचा चौकोन कापून देते. चौकोन २४० × २४० चा ठेवला तर तीच फीत ९० एमबीवर येते, एकविसाव्या हिश्श्यावर. हा ओझ्याचा प्रश्न किती खरा आहे, हे पुण्याच्या प्रथमेश जाजू याच्या चंद्रचित्रावरून कळते. मे २०२१ मध्ये सोळा वर्षांच्या या मुलाने पन्नास हजारांहून अधिक प्रतिमांतून चंद्राचे एक चित्र घडवले, आणि देशभर त्याची बातमी झाली. कच्ची सामग्री सुमारे १०० जीबी होती, प्रक्रियेत ती १८६ जीबीपर्यंत फुगली आणि हातात आलेली अंतिम फाइल सुमारे ६०० एमबीची होती. चंद्र फ्रेमभर पसरतो, त्यामुळे त्याच्या फितीत कापण्यासारखे काळे आकाश कमी असते. ग्रहाच्या बाबतीत ती सोय आहे, आणि साध्या लॅपटॉपवर काम करणाऱ्याने ती आधी घ्यावी.

बिंब शोधण्याची ही रीत सोपी आहे, म्हणूनच तिच्या मर्यादा ओळखून वापरावी लागते. पातळ ढग आला की बिंब मंदावते, उंबरठा ठरलेला असेल तर कडेचा भाग त्याखाली जातो आणि गुरुत्वमध्य उगाच इकडेतिकडे उडतो. अशा रात्री उंबरठा आपोआप ठरवण्याची मुभा सॉफ्टवेअरला द्यावी. वस्तूचा किमान आकार मात्र हाताने भरावा, नाहीतर गुरू फ्रेमबाहेर गेल्यावर एखादा उपग्रह किंवा कॅमेऱ्याचा चमकणारा सदोष पिक्सेल ‘ग्रह’ म्हणून मधोमध येऊन बसतो. शुक्राच्या कोरीचा गुरुत्वमध्य बिंबाच्या खऱ्या केंद्राशी जुळत नाही, पण प्रत्येक फ्रेममध्ये तो सारखाच चुकतो, त्यामुळे रचनेत अडचण येत नाही. कडेला अर्धे कापले गेलेले बिंब टाकून देण्याची खूण मात्र हमखास करावी. सरकत्या फितीत सुरुवातीला आणि शेवटी अशा फ्रेम असणारच, आणि त्या रचनेत गेल्या तर गुरूच्या काठावर खोटी सावली उमटते.

रंगीत कॅमेऱ्याबाबत एक बारकावा आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. अशा कॅमेऱ्याच्या प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी असते आणि दोन बाय दोनच्या ठशात ती पुनःपुन्हा येते. बिंब मधोमध आणताना फ्रेम एका पिक्सेलने सरकली तर लाल जागी हिरवा येतो आणि सगळा रंग बिघडतो. म्हणून कच्च्या फितीवर काम करताना सरक सम संख्येच्या पिक्सेलांचीच असावी लागते. ठशाचे रक्षण करण्याची सोय ‘पिप’मध्ये आहे, ती चालू ठेवावी. मग रंग उलगडण्याचे काम पुढच्या सॉफ्टवेअरकडे सोपवता येते. ते जास्त चांगले, कारण ग्रह प्रत्येक फ्रेममध्ये ठशाच्या वेगवेगळ्या जागी पडलेला असतो आणि हजार फ्रेम एकत्र आल्या की गाळण्यांनी सोडलेल्या फटी खऱ्या मोजमापांनी भरून निघतात. म्हणजे हाताने चालवलेल्या दुर्बिणीची सरक इथे उपयोगी पडते.

आता गुणवत्तेची क्रमवारी. ‘पिप’ प्रत्येक फ्रेममधल्या उजेडाच्या चढउतारांवरून तिला गुण देते आणि सर्वोत्तम पाचशे किंवा हजार तेवढ्या ठेवू शकते. मी ही निवड या टप्प्यावर करू नये असेच म्हणेन. एक तर गोंगाट हाही चढउतारच असतो. अंधाऱ्या, दाणेदार फ्रेमला फसवे गुण मिळू शकतात. दुसरे कारण अधिक मोठे आहे. हवा बिंबाचा प्रत्येक भाग वेगळा हलवते. एखाद्या फ्रेममध्ये गुरूचा उत्तरेचा पट्टा लख्ख असतो आणि त्याच्या लाल डागाजवळ चिखल. नेदरलँडच्या एमिल क्राइकाम्प यांचे ‘ऑटोस्टॅकर्ट’ बिंबावर अनेक संरेखनबिंदू ठेवते आणि प्रत्येक बिंदूभोवतीच्या तुकड्याची क्रमवारी स्वतंत्रपणे लावू शकते. अख्ख्या फ्रेमच्या सरासरी गुणांवरून ती फ्रेम आधीच फेकली, तर तिच्यातला तो लख्ख पट्टाही गेला. पूर्वतयारीने निरुपयोगी तेवढेच काढावे. चांगले-वाईट ठरवणे रचनेवर सोडावे. उजळपणा ताणणे, गॅमा बदलणे, फ्रेमनिहाय समतोल साधणे या खुणाही याच कारणाने बंद ठेवाव्यात. डोळ्याला फीत सुंदर दिसावी म्हणून केलेला प्रत्येक बदल पुढच्या गणिताला चकवा देतो.

एका फेरीच्या १,५५० फ्रेम पुरतात का? हवेचा शांत तुकडा ५ सेंटिमीटरचा असेल तर सातशे चांगल्या मिळतात. ३ सेंटिमीटरला सात-आठच. मग अनेक फेऱ्या घेऊन ‘पिप’मध्ये जोडाव्या असे वाटते, आणि तशी सोय आहेही. पण गुरू स्वतःभोवती ९ तास ५५ मिनिटांत फिरतो. आपल्या उदाहरणात बिंबाच्या मध्यावरचा डाग मिनिटाला पाऊण पिक्सेल सरकतो. तीन फेऱ्या आणि मधली दुर्बीण सावरण्याची वेळ मिळून दोन मिनिटे लागली तर दीड पिक्सेल, म्हणजे अर्धी विकला. भेदनक्षमतेच्या आत बसते, पण जेमतेम. त्यापुढे फेऱ्या थेट जोडू नयेत. प्रत्येक फेरीचे वेगळे चित्र करून ग्रीशा हान यांच्या ‘विनजुपोस’मध्ये ग्रहाचे फिरणे उलटवून मग ती एकत्र करावीत.

माथ्यावरच्या गुरूची एक अडचण इथेच उभी राहते. डॉब्सोनियन उभ्या आणि आडव्या अक्षावर फिरते. ग्रह शिरोबिंदूपासून एका अंशावरून जात असेल तर दुर्बीण आडव्या दिशेने भराभर वळवावी लागते, आणि कॅमेरा तिच्याबरोबर वळतो. मध्यमंडल ओलांडण्याच्या आसपास आठ-नऊ मिनिटांत चित्राची दिशा जवळजवळ ९० अंशांनी बदलते. लागोपाठच्या दोन फेऱ्या मग एकमेकींशी तिरक्या पडतात आणि बिंब मधोमध आणून ते तिरकेपण जात नाही. त्यामुळे दिघोरीतून गुरू माथ्यावर येण्याच्या तासभर आधी किंवा नंतर टिपावा. तेव्हा तो सुमारे ७५ अंशांवर असतो, हवेचा थर तितकाच पातळ, पण दिशा मिनिटागणिक फारशी बदलत नाही.

जागेचा विचारही सॉफ्टवेअर उघडण्याआधीचाच. स्लॅबच्या घरावर दुर्बीण नेऊ नये. दिवसभर तापलेले काँक्रीट रात्री उष्णता सोडते आणि शांत तुकडा ५ सेंटिमीटरचा ३ करते. धान कापून मोकळी झालेली बांधी चांगली, फक्त बोडीच्या पाळीपासून दूर, कारण पाण्याजवळ आरशावर आणि भिंगावर दव लवकर धरते. दव धरलेल्या फितीत बिंबाभोवती प्रभा पसरते, उंबरठा चुकतो आणि कापणी बिघडते.

मोबाइल आयपीसला लावून घेतलेल्या फितीची प्रत वेगळी असते. मोबाइल फीत दाबून साठवतो आणि एका फ्रेममधले ठोकळे पुढच्या फ्रेममध्ये तसेच उचलून ठेवतो. त्यामुळे गोंगाट फ्रेमागणिक स्वतंत्र राहत नाही आणि चारशे फ्रेम रचूनही तो विसाव्या हिश्श्यावर येत नाही. तरीही उजेड आणि फोकस कुलूपबंद करून घेतलेल्या अशा फितीतून ‘पिप’ बिंब मधोमध आणून देते, आणि गुरूचे दोन मुख्य पट्टे किंवा शनीचे कडे वेगळे दिसावे इतके काम होते. शाळकरी मुलांनी इथूनच सुरुवात करावी.

फीत शक्यतो ‘एसईआर’ स्वरूपात साठवावी, कारण त्यात प्रत्येक फ्रेमची वेळ नोंदता येते. फाइलचे नाव जागतिक वेळेत द्यावे: १० जानेवारीला भारतीय वेळेनुसार रात्री सव्वाअकराला घेतलेली फीत ‘२०२६-०१-१०-१७४५’ होते, साडेपाच तास वजा करून. ‘विनजुपोस’ला ही वेळ मिनिटाच्या अंशापर्यंत लागते, ती चुकली तर बिंबावरचे रेखांश चुकतात आणि लाल डागाच्या मोजणीत ते चित्र वापरता येत नाही. कापलेली फीत तयार झाल्यावरही मूळ फीत अंतिम चित्र होईपर्यंत पुसू नये, कारण कापणीचा चौकोन लहान पडला तर कधी कधी आयो किंवा युरोपाची बिंबावर सरकणारी सावली दिसते, आणि तो उपग्रह मात्र चौकोनाबाहेर राहिलेला असतो.