हातात मोबाईल असताना लग्नाच्या फोटोग्राफरला पैसे का द्यायचे?

शेवटची मंगलाष्टका संपते, अंतरपाट बाजूला होतो, अक्षता पडतात आणि वधू-वर एकमेकांना हार घालतात. हे सगळं जेमतेम अर्ध्या मिनिटात उरकतं. त्याच वेळी समोर पंचवीस-तीस मोबाईल वर गेलेले असतात. संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर फोटोंचा ढीग येतो. कशात अंतरपाटाचं टोक, कशात भटजींची पाठ, कशात पुढच्या माणसाचा हात. हार घालतानाचा स्वच्छ फोटो मात्र सापडत नाही.

लग्नाचं बजेट बसवताना 'फोटो काय, भाऊसुद्धा काढेल' असं अनेक घरांत म्हटलं जातं. हल्लीचे मोबाईल चांगले आहेत, हेही खरं. मग फोटोग्राफरला दिलेले पैसे नेमके कशाचे असतात?

पैसे कशाचे?

पहिली गोष्ट म्हणजे जबाबदारीचे. भावाला त्या दिवशी पाहुणे बघायचे असतात, अक्षता टाकायच्या असतात, कान पिळायलाही त्यालाच बोलावतात. फोटोग्राफरला दुसरं काही काम नसतं. कन्यादान, सप्तपदी, मंगळसूत्र या विधींचा क्रम त्याला माहीत असतो, त्यामुळे तो आधीच जागा धरून उभा राहतो.

दुसरी गोष्ट म्हणजे तयारीचे. लग्न दुसऱ्यांदा 'टेक' देत नाही. म्हणून अनुभवी फोटोग्राफर दुसरा कॅमेरा, जादा बॅटऱ्या आणि फ्लॅश सोबत ठेवतो. अनेक व्यावसायिक कॅमेऱ्यांत दोन मेमरी कार्ड बसतात आणि प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्हींवर साठवता येतो. एक कार्ड बिघडलं तरी फोटो वाचतात.

तिसरी गोष्ट लग्नानंतरची. हजारांच्या घरात काढलेल्या फोटोंमधून निवड करणं, रंग आणि उजेड दुरुस्त करणं, अल्बमची मांडणी करणं यात बरेच दिवस जातात. शिवाय परंपरेने चातुर्मासात लग्नं टाळली जातात. त्यामुळे अनेक फोटोग्राफरना वर्षभराचा खर्च मोजक्या मुहूर्तांच्या दिवसांतूनच काढावा लागतो. दर ठरतात त्यात हाही भाग असतो.

मोबाईल कुठे कमी पडतो?

मुख्य फरक उजेडाचा आहे. 'फुल फ्रेम' कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असतो. मोबाईलमधला मोठा समजला जाणारा 'एक इंची' सेन्सर १३.२ × ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने साधारण सातपट लहान. बहुतेक मोबाईलमध्ये तर त्याहूनही लहान सेन्सर असतात. ही कमतरता मोबाईल एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन, ते जोडून भरून काढतो. समोरचा माणूस स्थिर असेल तर ही युक्ती छान चालते. पण कार्यालयाच्या पिवळ्या दिव्यांत, होमाच्या धुरात, हलणारे हात आणि उडणाऱ्या अक्षता पुसट होऊ शकतात.

दुसरा फरक छपाईचा. अल्बमच्या १२ × १८ इंचाच्या पानावर ३०० डीपीआयने एक फोटो छापायचा तर तो ३६०० × ५४०० पिक्सेलचा, म्हणजे साधारण १९ मेगापिक्सेलचा लागतो. व्हॉट्सॲपवर साध्या दर्जात पाठवलेला फोटो त्यापेक्षा कितीतरी लहान होतो. मोबाईलच्या पडद्यावर तो सुंदर दिसतो, पण कागदावर मोठा केला की फाटतो.

मोबाईल कधी पुरतो?

प्रत्येक कार्यक्रमाला फोटोग्राफर लागतोच असं नाही. दिवसा अंगणात किंवा गच्चीवर असलेली हळद, घरगुती साखरपुडा, बारसं, केळवण यांना मोबाईल पुरतो. बजेट कमी असेल तर प्री-वेडिंग, ड्रोन, सिनेमॅटिक व्हिडिओ वगळून फक्त लग्नाच्या विधींसाठी एक चांगला फोटोग्राफर घेता येतो. पॅकेज मोठं आहे म्हणून काम चांगलं होईल, असं नसतं.

बुकिंगआधी काय विचारायचं?

• इन्स्टाग्रामवरचे निवडक २० फोटो पाहून ठरवू नका. एखाद्या लग्नाचा पूर्ण अल्बम मागा. शक्यतो कार्यालयात, रात्रीच्या उजेडात झालेल्या लग्नाचा.
• प्रत्यक्ष कोण येणार? मोठ्या मुहूर्ताला एकाच स्टुडिओकडे अनेक लग्नं असतात आणि बाहेरची माणसं पाठवली जातात. नाव लिहून घ्या.
• किती तास, किती माणसं, किती एडिट केलेले फोटो, अल्बमची पानं किती, फोटो किती दिवसांत मिळणार?
• फोटोग्राफर आजारी पडला तर पर्याय काय? तारीख बदलली तर ॲडव्हान्सचं काय?
• मूळ फाइल्स मिळणार का आणि स्टुडिओ त्या किती काळ सांभाळणार?

हे सगळं कागदावर किंवा निदान मेसेजवर असावं. ॲडव्हान्सची पावती घ्यावी. पैसे घेऊन ठरलेलं काम दिलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीची तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

फोटोंवर हक्क कोणाचा?

इथे अनेकांचा गैरसमज असतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन स्वतःसाठी फोटो काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक फोटो काढून घेणारा असतो. मात्र अनेक स्टुडिओंच्या करारात हे हक्क स्टुडिओकडे राहतील किंवा फोटो जाहिरातीसाठी वापरता येतील, अशी ओळ असते. सही केली की तीच लागू होते. आपले फोटो स्टुडिओच्या पेजवर नको असतील तर ती ओळ सहीआधीच काढायला सांगा.

फोटो हातात आल्यावर

फक्त पेन ड्राइव्हवर विसंबू नका. एक प्रत हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर आणि एक दुसऱ्या घरी ठेवा. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली आहे, त्यामुळे क्लाउडवर जागा किती उरली आहे ते आधी तपासा.

आणखी एक काम लग्नाआधीच करायचं. फोटोग्राफरला घरातली माणसं ओळखू येत नाहीत. ज्यांचे फोटो हवेतच अशांची यादी करा आणि सगळ्यांना ओळखणारा एखादा मामा किंवा आत्या त्याच्यासोबत द्या. आजी-आजोबांचे फोटो विधी सुरू होण्याआधी, ते दमायच्या आत काढून घ्या. अनेक घरांत हार घातलेला भिंतीवरचा फोटो कुठल्या तरी लग्नाच्या अल्बममधूनच कापून मोठा केलेला असतो, कारण त्या माणसाचा दुसरा चांगला फोटो कोणी काढलेलाच नसतो.