दक्षिण आफ्रिकेतील सत्तांतर (१९९०–९४)

दक्षिण आफ्रिकेतील गोऱ्या अल्पसंख्याकांची वर्णद्वेषी राजवट वाटाघाटींनी संपुष्टात आणून सर्ववर्णीय लोकशाही स्थापन करणारी राजकीय प्रक्रिया.

पार्श्वभूमी : नॅशनल पक्ष १९४८ पासून सत्तेवर होता. बहुसंख्य कृष्णवर्णीयांना संसदेसाठी मताधिकार नव्हता. १९८० नंतरचे उठाव, कामगारांचे संप आणि आंतरराष्ट्रीय निर्बंध यांमुळे राजवट कोंडीत सापडली. मात्र ती शस्त्रबळाने उलथवणे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या बंदी असलेल्या मुक्तिसंघटनेलाही शक्य नव्हते. २ फेब्रुवारी १९९० रोजी राष्ट्राध्यक्ष एफ. डब्ल्यू. डी क्लर्क यांनी या संघटनेवरील बंदी उठवली. ११ फेब्रुवारीला तिचे नेते नेल्सन मंडेला २७ वर्षांच्या बंदिवासातून सुटले.

वाटाघाटी : डिसेंबर १९९१ मध्ये जोहान्सबर्गजवळील केम्प्टन पार्क येथे १९ पक्ष-संघटनांची ‘कोडेसा’ परिषद भरली. मार्च १९९२ मध्ये केवळ गोऱ्यांच्या सार्वमतात ६८.७ टक्के मतदारांनी वाटाघाटींच्या बाजूने कौल दिला. खरा पेच नकाराधिकाराचा होता. अल्पसंख्याकांना बहुमताचा निर्णय रोखता यावा, असा नॅशनल पक्षाचा आग्रह होता. नव्या राज्यघटनेच्या मंजुरीसाठी किती टक्के मते लागावीत, यावरही मे १९९२ मध्ये परिषद अडली. पुढे बोइपाटाँग आणि बिशो येथील हत्याकांडांनी संवाद तुटण्याची वेळ आणली. काँग्रेसचे सिरिल रामाफोसा आणि नॅशनल पक्षाचे रूल्फ मायर या मुख्य वाटाघाटीकारांनी संपर्क टिकवला, आणि सप्टेंबर १९९२ च्या समझोत्याने मार्ग मोकळा झाला.

नकाराधिकाराची कोंडी फुटली ती साम्यवादी नेते जो स्लोव्हो यांच्या प्रस्तावाने. कायमचा नकाराधिकार नाही, पण ठरावीक मुदतीपुरती सत्तेत भागीदारी आणि सरकारी नोकरांना सेवेची हमी, असे त्याचे सूत्र होते. अल्पसंख्याकांच्या भीतीची दखल घेतली गेली, तरी बहुमताचा अधिकार गहाण पडला नाही.

१० एप्रिल १९९३ रोजी क्रिस हानी या लोकप्रिय नेत्याची एका गोऱ्या स्थलांतरिताने हत्या केली. एका गोऱ्या आफ्रिकानर शेजारणीने मारेकऱ्याच्या मोटारीचा क्रमांक पोलिसांना कळवला. मंडेला यांनी दूरचित्रवाणीवरून हेच सांगत देशाला संयमाचे आवाहन केले. त्यानंतर निवडणुकीची तारीख लवकरच ठरली.

निवडणूक आणि राज्यघटना : नोव्हेंबर १९९३ मध्ये अंतरिम राज्यघटनेवर सहमती झाली. इंकाथा या मुख्यतः झुलूंच्या पक्षाने निवडणुकीवरील बहिष्कार मतदानाच्या जेमतेम आठवडाभर आधी मागे घेतला. त्यामुळे आधीच छापलेल्या मतपत्रिकांच्या तळाशी त्याच्या नावाची पट्टी चिकटवावी लागली. एप्रिल १९९४ च्या अखेरीस मतदान झाले. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला ४०० पैकी २५२ जागा मिळाल्या. १० मे रोजी मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. डी क्लर्क उपराष्ट्राध्यक्षांपैकी एक होते.

अंतिम राज्यघटना निवडून आलेल्या सभेने लिहावी, पण ती आधी ठरलेल्या ३४ तत्त्वांशी सुसंगत असावी, असा करार होता. १९९६ मध्ये घटना न्यायालयाने पहिला मसुदा या कसोटीवर परत पाठवला. सुधारित घटना ४ फेब्रुवारी १९९७ पासून अमलात आली.

मूल्यमापन : हे सत्तांतर रक्तहीन नव्हते, या चार वर्षांत राजकीय हिंसाचारात हजारो लोक मारले गेले. मालमत्तेच्या हक्काला संरक्षण मिळाल्याने जमीन आणि संपत्तीची जुनी विषमता बरीचशी तशीच राहिली, आणि तिची झळ गरीब कृष्णवर्णीयांनाच बसत आली. तरीही देशव्यापी यादवी टळली, आणि पिढ्यान्‌पिढ्या नाकारलेला समान मताधिकार मिळाला. शत्रूशी बोलणी करणे म्हणजे न्यायाची मागणी सोडणे नव्हे, हे या प्रक्रियेने सिद्ध केले.