दहा वर्षं काचेच्या बशीत न वाढलेला विषाणू



आपल्यातले बरेच जण सॉफ्टवेअरवाले, तेव्हा हे लगेच पटेल. जो बग आपल्या मशीनवर येतच नाही, तो दुरुस्त करणं महाकठीण. क्लायंटकडे रोज सिस्टिम झोपते आणि आपल्याकडे सगळं सुरळीत! हेपटायटिस सीच्या औषधांचा इतिहास वाचताना मला सारखं हेच आठवत होतं.

रक्त घेतल्यानंतर काही रुग्णांना कावीळ व्हायची. तिचे ए आणि बी हे दोन विषाणू माहीत होते, पण १९७५ पर्यंत लक्षात आलं की बऱ्याच रुग्णांत दोन्ही नाहीत. म्हणून आजाराचं नावच पडलं 'ए नाही, बी नाही'. अमेरिकेत हार्वे आल्टर यांनी त्याचा पिच्छा पुरवला. शेवटी १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कायरॉन कंपनीत मायकेल हॉटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज क्वो यांनी विषाणूचा जनुकीय तुकडा शोधून काढला. पाठोपाठ रक्ताची चाचणी आली आणि रक्त घेणं पुष्कळ सुरक्षित झालं.

पण औषध? इंटरफेरॉनची इंजेक्शनं, पुढे त्याच्या जोडीला रायबाविरिन. नेहमीच्या प्रकारात ४८ आठवडे उपचार, ताप, अंगदुखी, नैराश्य, आणि एवढं सोसून बरे होणारे निम्म्याहून कमी.

अडचण अशी होती की हा विषाणू प्रयोगशाळेत वाढतच नव्हता. त्याचा कोड मात्र समोर होता. सुमारे ९६०० अक्षरांचा आरएनए. पेशी त्यावरून एक लांबलचक प्रथिन बनवते, मग त्याचे कापून १० तुकडे होतात. त्यातलाच एक तुकडा म्हणजे आरएनएच्या प्रती काढणारं यंत्र. सगळं वाचता येत होतं, पण प्रोग्रॅम काही चालत नव्हता. १९९५-९६ मध्ये कळलं की कोडच्या शेवटची ९८ अक्षरं आजवर निसटलीच होती! ती जोडून चार्ल्स राइस यांच्या गटाने १९९७ मध्ये तो आरएनए चिंपांझीच्या यकृतात टोचला आणि त्याला लागण झाली. म्हणजे कोड बरोबर होता. पण औषधांच्या चाचण्या करायला चिंपांझी किती वापरणार?

मार्ग काढला जर्मनीतल्या माइन्झ इथे, राल्फ बार्टेनश्लागर यांच्या प्रयोगशाळेतल्या फोल्कर लोहमान या तरुण संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी. त्यांनी विषाणूच्या बाहेरच्या कवचाचे भाग काढून टाकले. त्या जागी असं जनुक घातलं की ज्यामुळे पेशी एका विषारी औषधाला दाद देत नाही. हा आरएनए यकृताच्या कर्करोगाच्या पेशींत घातला आणि वरून ते विष ओतलं. ज्या पेशीत आरएनएच्या प्रती निघत राहतील तीच जगणार. बहुतेक सगळ्या मेल्या, मोजके पुंजके उरले. १९९९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. या अर्धवट विषाणूला रेप्लिकॉन म्हणतात. तो पेशीबाहेर पडून कोणाला लागण करू शकत नाही, पण प्रती काढण्याचं काम चोख करतो. २००० मध्ये राइस यांच्याकडच्या केरिल ब्लाइट यांनी दाखवलं की एका प्रथिनात एकच बदल केला तरी हे काम कितीतरी पटींनी वाढतं.

झालं, टेस्टिंगची सोय मिळाली! आता लाखो रसायनं पेशींवर टाकून बघता येऊ लागली. डाक्लाटास्विर हे औषध असंच सापडलं. ते ज्या प्रथिनाला अडवतं, ते नेमकं काय करतं हेही तेव्हा धड माहीत नव्हतं. नुसता कागदावर विचार करून ते कोणाला सुचलं नसतं. सोफोसबुविर मात्र प्रती काढणाऱ्या यंत्राला खोटं अक्षर पुरवतं; ते जोडलं की साखळी तिथेच थांबते. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. किंमत गोळीला १००० डॉलर, १२ आठवड्यांचे ८४०००! २०१४ मध्ये ७ भारतीय कंपन्यांना ९१ विकसनशील देशांसाठी परवाने मिळाले, तेव्हा ते गरिबांच्या आवाक्यात येऊ लागलं. आज गोळ्यांच्या ८ ते १२ आठवड्यांत ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. लस अजून नाही.

२०२० चं नोबेल आल्टर, हॉटन आणि राइस यांना मिळालं. योग्यच झालं. बार्टेनश्लागर यांना २०१६ मध्ये राइस आणि मायकेल सोफिया यांच्यासोबत लास्कर पुरस्कार मिळाला होता, पण नोबेल तिघांपलीकडे जात नाही. आणि लोहमान, ब्लाइट ही नावं तर आपल्या कानावरही येत नाहीत. आपल्याकडे तरी लाँचच्या दिवशी टेस्ट सर्व्हर उभा करणाऱ्याला स्टेजवर कोण बोलावतं?

असो. एक कामाची गोष्ट. १९९० च्या आधी ही चाचणीच नव्हती. घरी आईबाबांपैकी कोणाला त्या काळात ऑपरेशनमध्ये किंवा बाळंतपणात रक्त चढवलं असेल, तर पुढच्या फोनवर जरूर विचारा आणि एकदा चाचणी करून घ्यायला सांगा. हा आजार वर्षानुवर्षं गप्प बसतो, पण आता बरा होतो.

चूभूद्याघ्या.