बोंडूचा रस आणि सीमेची रेघ

शाळेच्या मुख्याध्यापकाने दिवाळी अंकात दारूवर लिहावे, हे काही वाचकांना रुचणार नाही. दारूपायी बसलेल्या घरांतली मुले आमच्याही हजेरीपटावर आहेत. त्यांचा विसर पडून मी हे लिहीत नाही. परंतु फेणीचा इतिहास हा नुसता पिण्याचा इतिहास नव्हे. एक परदेशी झाड, एक जुने कसब आणि माणसांनी आखलेली सीमा यांची ती हकीकत आहे, आणि आपण सीमाभागातले लोक तिच्यापासून फार दूर नाही.

काजू मूळचा ब्राझीलचा. तिथल्या तुपी भाषेतला 'अकाजू' पोर्तुगीजांच्या तोंडी 'काजू' झाला आणि तोच शब्द आपण उचलला. गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या वनस्पतींवरील ग्रंथात काजूचा उल्लेख नाही. क्रिस्तोव्हाव द कॉश्ता याच्या १५७८ च्या ग्रंथात मात्र कोचीनमधल्या झाडाचे वर्णन सापडते. यावरून झाड साधारण केव्हा रुजले, याचा अंदाज येतो. मल्याळी माणूस अजूनही त्याला 'परंगी मावु' म्हणजे फिरंगी आंबा म्हणतो. आपण त्याचे परकेपण साफ विसरलो.

गाळण्याची कला मात्र काजूबरोबर आली नाही. माडाची सूर काढून ती गाळणारे रेंदेर गोव्यात होतेच. १५८३ पासून काही वर्षे गोव्यात राहिलेल्या लिन्शोटेन या डच माणसाने १५९६ साली छापलेल्या प्रवासवर्णनात माडाच्या दारूची माहिती दिली आहे. 'हुर्राक' हा शब्दही अरबी 'अरक'च्या कुळातला. आपला औषधी अर्क त्याचाच भाऊ. जुन्या कसबाला नवे फळ मिळाले, एवढेच. 'फेणी' हे नाव तर 'फेन' म्हणजे फेस यावरून आले असे मानतात. पेल्यात धार धरली की बुडबुडे किती उठतात नि किती टिकतात, यावरून जाणता भट्टीवाला दारूचा कस सांगतो.

रीत अशी. बोंडू झाडावरून तोडायचा नाही. पिकून आपोआप पडलेलाच वेचायचा. बी पिळून वेगळी काढायची. मग खडकात कोरलेल्या उथळ कुंडात बोंडू पायांनी तुडवायचे. या कुंडाला 'कोळंबी' म्हणतात, मासळीशी तिचा संबंध नाही. उरलेल्या चोथ्याचा ढीग वेलींनी बांधून वर दगड ठेवला की निथळतो तो 'नीरो'. हा गोड रस पोरेसोरेही पितात. तुडवून काढलेला रस दोन-तीन दिवस आंबवून 'भाण' या भांड्यात उकळतात. पहिल्या धारेचा तो हुर्राक, सुमारे १५ टक्के मद्यार्काचा. तो पुन्हा आंबलेल्या रसात मिसळून गाळला की फेणी. तिचे प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास. ना बाहेरचे यीस्ट, ना साखर. मार्च ते मे एवढाच हंगाम.

या भट्टीवर सरकारची नजर जुनीच. डिसेंबर १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोव्याच्या मिठाचा मक्ता इंग्रजांकडे गेला आणि मुंबई इलाख्याच्या धर्तीची अबकारी पद्धत गोव्यात शिरली. सूर काढणाऱ्यांवर कराचा बोजा वाढला. १८९२ साली तह संपला आणि दोन राज्यांमधली जकातीची भिंत पुन्हा उभी राहिली.

पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने अलीकडच्या बाजूची घरगुती भट्टी गुन्ह्यात जमा झाली. गोव्यात १९६१ नंतरही ती परवान्याने चालू राहिली. २००९ साली गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०१६ साली गोवा सरकारने कायदा दुरुस्त करून तिला वारशाचा दर्जा दिला. तोवर कागदोपत्री ती नुसती 'देशी दारू' होती.

आता नकाशा पाहा. सत्तरीचा डोंगर उतरून दोडामार्गला आले, किंवा घाट चढून चंदगड-खानापूरकडे वळले, तरी काजूचे झाड तेच. मानांकनाची हद्द मात्र राज्याच्या रेघेपाशी थांबते. रेघेच्या त्या बाजूला बोंडूला वारशाचा मान. या बाजूला शेतकरी बी विकतो आणि बोंडू बहुधा बागेतच कुजतो किंवा गुरांपुढे जातो. एकाच फळाचे नशीब असे रेघेवर ठरते.

भट्ट्या सुरू करा, असे मला म्हणायचे नाही. सरबत, सिरका, मुरंबा असे बोंडूचे इतर उपयोग आहेत, आणि ते गावातच व्हावेत. पण त्याआधी एक काम शाळांना सहज जमण्यासारखे आहे. सीमावादात आपण गावे मोजली, भाषिकांची टक्केवारी मोजली. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना ठाऊक असलेली ही कसबे आणि त्यांचे शब्द कुणी टिपले नाहीत. कोळंबी, भाण, नीरो हे शब्द ज्यांच्या ओठी आहेत, ती पिढी थकली आहे. येत्या काजूच्या हंगामात नववीच्या मुलांना वह्या देऊन त्यांच्याकडे पाठवण्याचा माझा विचार आहे. इतर शाळांनीही तो करावा.