गोवा : समुद्रकिनाऱ्यामागील लोहखनिजाचे राज्य

कोकण रेल्वेचा आरंभ आपल्या रोह्यातून होतो. १५ सप्टेंबर १९९० रोजी या मार्गाची कोनशिला येथेच बसविण्यात आली आणि २६ जानेवारी १९९८ पासून संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. तेव्हापासून गोव्याची वाट आपल्या दारावरून जाते. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनाला रायगड जिल्ह्यातील अनेक भाविक कुटुंबे याच गाडीने जाऊन आली आहेत. मात्र थिवी, करमळी, मडगाव या स्थानकांवर उतरणाऱ्या प्रवाशास जो गोवा दिसतो, तो चर्चचा, माडांचा आणि वाळूचा गोवा. त्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या पायथ्याशी, तांबड्या मातीचा एक वेगळाच गोवा आहे. या लेखात प्रामुख्याने त्याची ओळख करून द्यावयाची आहे.

गोवा हे क्षेत्रफळाने भारतातील सर्वांत लहान राज्य. त्याचा विस्तार ३,७०२ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १४ लाख ५९ हजार आहे. त्यात ख्रिस्ती समाजाचे प्रमाण साधारण एकचतुर्थांश भरते. गोवा म्हणजे ख्रिस्ती प्रदेश, अशी महाराष्ट्रात सर्रास समजूत आढळते. ती किती अपुरी आहे हे या आकड्यावरूनच ध्यानात यावे.

या समजुतीचे मूळ इतिहासात आहे. १५१० मध्ये आल्फोन्स द अल्बुकर्क याने गोवा शहर जिंकले. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी हे किनाऱ्यालगतचे महाल सोळाव्या शतकातच पोर्तुगीज सत्तेखाली आले. त्यांस 'जुन्या काबिजादी' म्हणतात. भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात सुरू झाला तो याच भागात. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा मानदंड ठरलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले ते सासष्टीतील राशोल येथे. याच भूमीत १५६० ते १८१२ या काळात, मधला अल्प खंड वगळता, धर्मन्यायालयाचा अंमल होता, हेही विसरून चालणार नाही. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडे, सांगे, केपे, काणकोण हा प्रदेश मात्र अठराव्या शतकात, सावंतवाडीकर भोसले व सौंदेकर यांच्या ताब्यातून पोर्तुगीजांकडे गेला. या 'नव्या काबिजादी'. येथील समाज बहुतांशी हिंदू राहिला. सत्तरीच्या राण्यांनी तर पोर्तुगीजांविरुद्ध वेळोवेळी बंडे केली. १८५२ मधील दीपाजी राणे यांचे बंड त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे.

गोव्याचे लोहखनिज जवळजवळ सगळे या नव्या काबिजादींत, म्हणजे डिचोली, सत्तरी, सांगे व केपे या पट्ट्यात सापडते. वर जांभ्याचा जाड थर आणि त्याखाली खनिज, अशी तेथील टेकड्यांची रचना आहे. लोहखनिजाबरोबर मॅंगनीज व बॉक्साइट हेही मिळतात. पोर्तुगीज सरकारने १९०६ च्या खाण कायद्यान्वये खाणींच्या सवलती देण्यास आरंभ केला. या सवलती जवळपास कायमस्वरूपी असत. खरा व्यापार वाढला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, जपानच्या पोलाद कारखान्यांची मागणी सुरू झाल्यावर. चौगुले, धेंपे, साळगावकर, तिंबले ही घराणी या व्यवसायात पुढे आली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, आणि १९६३ मध्ये पहिले मुख्यमंत्री झालेले दयानंद बांदोडकर हेही खाणमालकच होते. महाराष्ट्रात विलीन व्हावे की नाही, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला आणि गोवेकरांनी ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरण नाकारले. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले. त्याच वर्षी देवनागरी कोकणी राजभाषा झाली व मराठीच्या वापरासही कायद्याने वाव ठेवण्यात आला.

आता खाणीचे काम कसे चालते ते पाहू. गोव्यातील खाणी उघड्या असतात. टेकडीच खणून काढावी लागते. एक टन खनिज मिळविण्यासाठी साधारण दोन ते तीन टन माती बाजूला टाकावी लागते. ही माती लहानशा राज्यात टाकावी कोठे? तिचे डोंगर गावांच्या आणि ओहोळांच्या कडेला उभे राहिले. पावसाळ्यात ती भातशेतात उतरली. खणता खणता खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की पाणी पंपाने उपसावे लागते आणि मग शेजारच्या विहिरी आटतात. डिचोली तालुक्यातील शिरगावात हे घडले. हे गाव लईराई देवीच्या जत्रेसाठी प्रसिद्ध आहे. लोकश्रद्धेनुसार म्हापशाची मिलाग्रीस सायबीण ही लईराईची बहीण. त्यामुळे हिंदू आणि ख्रिस्ती दोघांनाही हे गाव जवळचे वाटते.

खनिज ट्रकांतून नदीकाठच्या धक्क्यांवर, तेथून बार्जेसमधून मांडवी व जुवारी नद्यांवाटे मुरगाव बंदरात आणि पुढे परदेशी जहाजांत जाई. ट्रक बहुधा गावकऱ्यांचेच, कर्ज काढून घेतलेले. शेत चिखलाने भरले आणि त्याच घरातील मुलाने ट्रक घेतला, अशी उदाहरणे खाणपट्ट्यात ठायी ठायी होती. म्हणूनच या प्रश्नावर बाहेरून झटपट निवाडा देणे मला उचित वाटत नाही. कुंडलिकेकाठी धाटावची औद्योगिक वसाहत रोज पाहणाऱ्या रोहेकरांना ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी चीनने हलक्या प्रतीचे खनिजही विकत घेण्यास सुरुवात केली आणि धाव सुटली. २०१०-११ या वर्षी गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात झाले. न्यायमूर्ती एम. बी. शाह आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला. बेकायदा उत्खननामुळे सुमारे ३५,००० कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा त्याचा अंदाज होता; हा आकडा वादग्रस्त ठरला. राज्य सरकारने लगेच खाणी थांबविल्या आणि 'गोवा फाउंडेशन' या संस्थेच्या याचिकेवर ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली.

२१ एप्रिल २०१४ चा निकाल मुळातून समजून घेण्यासारखा आहे. पोर्तुगीज सवलती १९८७ च्या कायद्याने रद्द होऊन त्यांचे खाणपट्टे झाले होते. त्या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली, असे न्यायालयाने ठरविले. म्हणजे त्यानंतरची पाच वर्षे, जेव्हा निर्यात शिगेला पोहोचली होती, तेव्हा एकाही खाणीला वैध आधार नव्हता! न्यायालयाने वार्षिक उत्खननावर दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेचा दहा टक्के भाग भावी पिढ्यांसाठी स्वतंत्र कायम निधीत ठेवण्याचा आदेश दिला. जमिनीखालचे खनिज खाणमालकाचे नसून जनतेचे आहे आणि ते एकदाच विकता येते, ही या निधीमागची धारणा.

राज्य सरकारने पुढे ८८ पट्ट्यांचे लिलावाविना नूतनीकरण केले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेही रद्दबातल ठरविले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा बंद पडल्या. मधल्या काळात ट्रक अंगणात गंजत राहिले व कर्जाचे हप्ते थकले. मुरगाव बंदरात आयात होणाऱ्या कोळशाचा वाद याच काळात वाढला. त्याची धूळ वास्कोच्या रहिवाशांच्या वाट्याला आली.

डिसेंबर २०२२ मध्ये प्रथमच लिलाव झाले. पहिल्या फेरीत डिचोली, शिरगाव-मये, मोन्त द शिरगाव आणि काले हे चार खाणपट्टे होते. २०२४ पासून डिचोली पट्ट्यात उत्खनन पुन्हा सुरू झाले. नकाशा पाहिला तेव्हा ग्रामस्थांच्या ध्यानात आले की पट्ट्याच्या हद्दीत त्यांची राहती घरे, देवळे, तळी आणि शेते येतात. ती हद्दीतून वगळावीत, अशी मागणी मुळगावच्या लोकांनी सरकारकडे केली.