द्रवांच्या विद्युत् अपारकतेचे मापन (उच्च वारंवारता)

विद्युत् क्षेत्रातील द्रव किती ऊर्जा साठवतो व किती उष्णतारूपाने गमावतो, हे त्याच्या सदसत् अपारकतेच्या दोन भागांवरून कळते. २५° से. तापमानाला पाण्याचा स्थिर अपारकांक सु. ७८ असून त्यातील ऊर्जाव्यय सु. १९ गिगाहर्ट्‌झजवळ कमाल होतो. एथिल अल्कोहॉलचा अपारकांक सु. २४ व कमाल व्यय सु. १ गिगाहर्ट्‌झजवळ. त्यामुळे ध्रुवीय द्रवांसाठी विस्तृत वारंवारता-पट्टा लागतो.

अनुस्पंदी पोकळी : नमुन्याने अनुस्पंद-वारंवारता किती सरकली व अनुस्पंद किती बोथट झाला, ते मोजतात. तेलांसारख्या अल्पव्ययी द्रवांना सर्वांत अचूक. मात्र मापन ठराविक वारंवारतांपुरतेच.

तरंगमार्ग : रॉबर्ट्‌स व फोन हिपेल यांची स्थिर तरंगांवर आधारित पद्धत (१९४६).

समाक्ष शोधक : उघड्या टोकाची केबल द्रवात बुडवून नेटवर्क अ‍ॅनालायझरने परावर्तन मोजतात. काम जलद होते. पण टोकाशी हवेचा बुडबुडा राहिल्यास मापन फसते, अल्पव्ययी द्रवांत अचूकताही घटते.

काल-प्रक्षेत्र परावर्तनमिती (टीडीआर) : फेलनर-फेल्डेग यांनी १९६९ मध्ये मांडली. काही दशपिकोसेकंदांत चढणारा विद्युत् स्पंद ५० ओहमच्या समाक्ष केबलमधून नमुना-कोशाकडे पाठवतात. कोश रिकामा असताना व भरलेला असताना परतणारे तरंग नोंदवून फूरिये रूपांतराने एकाच मापनातून संपूर्ण वर्णपट मिळवतात. ज्ञात द्रवांवरून अंशशोधन अनिवार्य असते. कालखिडकी अपुरी असल्यास कमी वारंवारतेकडील टोक अविश्वसनीय ठरते.

महाराष्ट्रात या पद्धतीचे काम औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठात रुजले. पुराणिक, कुंभारखाणे व मेहरोत्रा यांनी १९९१ मध्ये मध-पाणी मिश्रणांची १० मेगाहर्ट्‌झ ते १० गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील मापने प्रसिद्ध केली; अल्कोहॉल-पाणी मिश्रणांचाही अभ्यास झाला. पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातही हे काम चालू राहिले. अशा मापनांवरून हायड्रोजन बंधांविषयी काढलेले निष्कर्ष निवडलेल्या प्रतिमानावर अवलंबून असतात.



तुलना : अल्पव्ययी द्रवांसाठी पोकळी, एकाच वारंवारतेसाठी तरंगमार्ग, झटपट चाचणीसाठी शोधक आणि ध्रुवीय मिश्रणांच्या शिथिलनासाठी (क्षेत्र बदलल्यावर रेणू पुन्हा स्थिरावण्याच्या अभ्यासासाठी) टीडीआर योग्य. तापमान न नोंदवलेले मापन कोणत्याही पद्धतीचे असो, तुलनेस निरुपयोगी असते.